काकवीची साखर

किराणा दुकानात साखरेच्या फळीपाशी उभे राहिले की रंगाचा एक विचित्र हिशेब दिसतो. पांढऱ्या साखरेच्या शेजारी ब्राउन शुगरचे पुडे मांडलेले असतात आणि त्यांची किंमत साध्या साखरेच्या दुप्पट, कधी तिप्पट असते. चार पावलांवर गूळ असतो. तिथे हा हिशेब उलटतो. पिवळाधमक गूळ आधी उचलला जातो, काळपट तपकिरी ढेप मागे राहते आणि बाजारात तिला भावही कमी मिळतो. साखर तपकिरी असली तर ती निसर्गाच्या जवळची, आणि गूळ तपकिरी असला तर तो हलक्या प्रतीचा, अशा दोन समजुती एकाच गिऱ्हाइकाच्या मनात सुखाने नांदतात. वास्तविक दोन्हीकडचा तपकिरीपणा बव्हंशी एकाच गोष्टीतून येतो: उसाच्या रसात साखरेखेरीज जे काही असते आणि रस आटवताना जे तयार होते, त्यातून. ज्यांना केकासाठी, कुकींसाठी किंवा कॉफीसाठी ब्राउन शुगर लागते त्यांनी ती विकत न आणता घरी करावी, आणि ती आपल्या गुऱ्हाळातल्या काकवीने करावी, असे माझे म्हणणे आहे. यात पैसे वाचतात, पण तो मुख्य मुद्दा नाही. स्वतःच्या हाताने साखर तपकिरी केली की त्या रंगात नेमके किती आहे आणि काय नाही हे डोळ्यांसमोर येते. ते एकदा उमगले की गुळाच्या दुकानातली आपली निवडही बदलायला हवी.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करतात, आटवतात, त्यात साखरेचे स्फटिक धरू देतात आणि मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात स्फटिक आणि त्याभोवतीचा चिकट द्रव वेगळे करतात. हा काळा द्रव म्हणजे मळी, इंग्रजीतली मोलॅसिस. एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर आणि चाळीसेक किलो मळी निघते. ब्राउन शुगर दोन वाटांनी बनते. पहिल्या वाटेत स्फटिकांवरचा हा द्रव पूर्ण धुऊन न काढता त्याचा पातळ थर राहू देतात. गयानातल्या डेमेरारा या भागाच्या नावाने ओळखली जाणारी जाड दाण्याची साखर मूळची या प्रकारातली. दुसऱ्या वाटेत साखर आधी पूर्ण शुद्ध, पांढरी करून घेतात आणि मग तिच्यावर मोजून मोलॅसिसचा लेप देतात. केकाच्या कृतींमध्ये जी मऊ, ओलसर, बोटांनी दाबली तर गोळा होणारी साखर सांगितलेली असते, ती मोठ्या प्रमाणावर या दुसऱ्या वाटेने तयार होते. युरोपात बीटापासून साखर होते. पण बीटाच्या मोलॅसिसला वास आणि चव चांगली नसते, म्हणून तिथे बीटाच्या पांढऱ्या साखरेवर उसाचे मोलॅसिस चढवण्याची पद्धत आहे. यात लबाडी काही नाही. लेप दिल्याने रंग, ओलावा आणि चव दर वेळी सारखी राहते आणि बेकरीवाल्याला तेच हवे असते.

लबाडी नाही, पण प्रमाण पाहा. फिकट ब्राउन शुगरमध्ये मोलॅसिस वजनाने सुमारे ३.५ टक्के आणि गडद प्रकारात सुमारे ६.५ टक्के असते. म्हणजे किलोभर साखरेत ३५ ते ६५ ग्रॅम. उरलेले सगळे म्हणजे आपल्या डब्यात असते तीच साखर. दुप्पट-तिप्पट किंमत आपण मोजतो ती या ३५ ग्रॅमांसाठी, त्यांचा लेप देण्याच्या मजुरीसाठी आणि सगळ्यात जास्त त्या रंगाने मनात जागवलेल्या भरवशासाठी. पुड्यावर हिरवे पान किंवा उसाचे शेत छापलेले असते. मागच्या बाजूला घटकांची यादी असते, ती वाचावी. तिथे ‘साखर, मोलॅसिस’ अशी नोंद असेल तर हातातला पुडा दुसऱ्या वाटेचा आहे. चिमूटभर साखर पाण्यात धुऊन पाहा, रंग उतरला की ती नकली, अशी एक परीक्षा फार फिरते. ती फसवी आहे. डेमेरारासारख्या साखरेतही मळीचा अंश मुख्यतः स्फटिकाच्या पृष्ठभागावरच असतो, त्यामुळे तिचाही रंग धुतल्यावर उतरतो. ही परीक्षा सोडून यादीवर विसंबणे बरे.

आता भरवशाबद्दल. ब्राउन शुगरमध्ये खनिजे असतात हे खरे आहे. पोषणतत्त्वांच्या प्रचलित तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ब्राउन शुगरमध्ये साधारण ८३ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ०.७ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या साखरेत दोन्ही जवळजवळ शून्य. शून्याच्या शेजारी ८३ हा आकडा मोठा दिसतो. पण साखर शंभर ग्रॅमांनी कोणी खात नाही. चार ग्रॅमांच्या एका चमच्यात हे कॅल्शियम तीन मिलिग्रॅमांच्या आसपास येते. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर गाईच्या दुधात ते साधारण २४० मिलिग्रॅम असते. त्या एका पेल्याची बरोबरी करायला सत्तरहून अधिक चमचे ब्राउन शुगर लागेल. लोहाचे तसेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. १०० ग्रॅम ब्राउन शुगर त्यातला चाळिसावा भाग देईल आणि सोबत ३८० कॅलरी देईल. पांढरी साखर ३८७ देते. फरक सात कॅलरींचा, तोही मुख्यतः ब्राउन शुगरमध्ये थोडे पाणी जास्त असते म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की आहारातल्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर पाच टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा मोकळ्या साखरांतून यावी. दोन हजार कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५ ग्रॅम. या मोजणीत मध, पाक, पांढरी साखर, तपकिरी साखर सगळे एकाच रांगेत बसते. मधुमेह असलेल्या माणसाला ‘ही ब्राउन आहे, चालेल’ असे म्हणत चहाचा कप पुढे करणे ही चूक आहे आणि ती आपल्या घरांतून प्रेमापोटी रोज होते. कपातल्या साखरेचा रंग बदलून रक्तातल्या साखरेला काही फरक पडत नाही. चमचे कमी केले तर पडतो.

मग ही साखर हवीच कशाला, असे कोणी विचारील. आरोग्यासाठी नको, चवीसाठी आणि पोतासाठी हवी. मोलॅसिसमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात आणि ते हवेतली ओल धरून ठेवतात. त्यामुळे ब्राउन शुगर घातलेली कुकी मधोमध मऊ राहते, पांढऱ्या साखरेची कडक आणि कुरकुरीत होते. मोलॅसिस किंचित आंबट असते, म्हणून खाण्याच्या सोड्याशी त्याची क्रिया होऊन पीठ फुलायला मदत होते. भाजताना रंग लवकर धरतो. आणि चव: थोडी कडवट, थोडी उसाच्या चुलाणाजवळच्या वासाची, जी आले, दालचिनी, जायफळ, चॉकलेट, अक्रोड यांच्या सोबतीला उत्तम बसते. इथे एक रास्त आक्षेप येतो: मग सरळ गूळच का घालू नये? जिथे जमतो तिथे जरूर घालावा. गूळपोळीत, पुरणात, तिळाच्या वडीत ब्राउन शुगर घालायचे कारण नाही. परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी घरांनी गूळ मिळेना तेव्हा ब्राउन शुगरमध्ये पुरण शिजवले, ती त्यांची अडचण होती. इथे बसून तसे करणे म्हणजे मूळ सोडून नक्कल धरणे. पण लोणी आणि साखर फेसायची असते तेव्हा गोष्ट वेगळी. साखरेचे टोकदार दाणे लोण्यात घुसून हवेची बारीक पोकळी करतात, त्यावर केकाचा हलकेपणा ठरतो. गूळ मऊ आणि ओला असतो, त्याला तसा दाणा नसतो, आणि प्रत्येक ढेपेत पाण्याचे प्रमाण वेगळे. तिथे दाणेदार साखर आणि तिच्यावर गुळाच्या कुळातल्या द्रवाचा लेप हीच योग्य जोडी.

आणि तो द्रव आपल्याकडे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांत उसाचा रस काहिलीत उकळतो, वर येणारी मळी सतत काढली जाते, त्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रसही वापरतात, आणि खाली वाळलेली चिपाडे जळत असतात. रस १०५-१०६ अंशांपर्यंत आटला की तो काकवी असतो. तसाच पुढे ११६-११८ अंशांपर्यंत नेला की गूळ. या दहा-बारा अंशांच्या अंतरात गुळव्याचे सगळे कौशल्य असते. पाण्यात थेंब टाकून, बोटांत गोळी वळून तो ठरवतो की काहील कधी उतरवायची. काकवी ही गुळाच्या वाटेवरची आधीची पायरी आहे आणि तिची ओळख फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या जिनसांची गणना करताना फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची रांग दिलेली आहे. पातळ फाणितापासून, म्हणजे आपल्या काकवीसारख्या द्रवापासून, दाणेदार शर्करेपर्यंत. हीच शर्करा अरबी-फारसीतून युरोपात जाऊन ‘शुगर’ झाली. भाकरीवर तूप-काकवी, घावनाबरोबर काकवी हे आपले खाणे आहे. ज्या प्रदेशात या रांगेतली प्रत्येक वस्तू अजूनही ताजी मिळते, तिथे तिच्या दोन टोकांच्या वस्तूंचे मिश्रण परदेशी नावाने आणि तिप्पट दराने विकत घ्यावे, हे मला पटत नाही.

इथे एक इशारा स्पष्ट दिला पाहिजे, कारण शब्दांचा घोळ आहे. गुऱ्हाळातली मळी म्हणजे रस उकळताना वर येणारा गाळ. कारखान्यातली मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा द्रव. यातली कोणतीच खाण्याची नव्हे. कारखान्यातली मळी टाक्यांत साठते, मद्यार्क, इथेनॉल आणि पशुखाद्य यांसाठी जाते आणि तिच्या साठवणीवर, वाहतुकीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस शुद्ध करायला चुना आणि गंधकाचा वायू वापरतात, त्याचे अवशेषही या शेवटच्या द्रवात गोळा होतात. परदेशातल्या कृतीत ‘मोलॅसिस’ वाचून कोणी ओळखीच्या कारखान्यातून बाटलीभर मळी आणू नये. खाण्यायोग्य म्हणून बाटलीबंद विकले जाणारे मोलॅसिस वेगळे असते आणि आपल्याकडे ते महागही पडते. घरच्या कामाला काकवी हवी.

कृती सांगायला फार शब्द लागत नाहीत. २०० ग्रॅम बारीक दाण्याची साखर पसरट भांड्यात घ्यायची आणि त्यात २० ग्रॅम दाट काकवी, म्हणजे एक मोठा चमचा, घालायची. आपल्याकडची साखर परदेशी कृतींत अपेक्षित असते त्याहून जाड असते. तेव्हा ती आधी मिक्सरमध्ये एक-दोन झटके देऊन बारीक करावी, मात्र पिठीसाखर होऊ देऊ नये. मग काट्याने आणि नंतर बोटांनी चोळायचे. पहिले मिनिटभर वाटते की हे जमणार नाही, काकवीच्या गाठी एकीकडे आणि पांढरी साखर दुसरीकडे. चार-पाच मिनिटांनी प्रत्येक दाण्यावर लेप बसतो आणि सगळी साखर एकसारख्या बदामी रंगाची होते. गडद हवी असेल तर आणखी अर्धा किंवा एक चमचा. काकवी पातळ असेल तर आधी मंद आचेवर थोडी आटवून, पूर्ण गार करून मग वापरावी, नाहीतर साखर विरघळायला लागते. एक फरक कबूल केला पाहिजे. मोलॅसिस हा साखर काढून घेतल्यावर उरलेला अर्क असल्याने त्याचा कडवटपणा तीव्र असतो. काकवीत उसाची साखर तशीच असते, म्हणून तिचा रंग आणि चव सौम्य. विदेशी आले-केकाला लागणारा काळा, धुरकट स्वाद काकवीच्या साखरेत पुरा उतरणार नाही. बाकी नव्वद टक्के कामांत तो फरक उणेपणा ठरत नाही, आणि खीर, कस्टर्ड, भाजलेली केळी, कॉफी यांत तर मला काकवीचाच गोडवा अधिक जुळणारा वाटतो.

वेळ कोणाकडे आहे, हा आक्षेप या साखरेच्या बाबतीत टिकत नाही. ब्राउन शुगर विकत आणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की पुडा फोडून महिनाभर ठेवला की त्याची वीट होते. लेपातले पाणी उडून जाते आणि दाणे एकमेकांना घट्ट चिकटतात. मग त्यात पावाचा तुकडा किंवा सफरचंदाची फोड ठेवून ती मऊ करायचे उपाय करावे लागतात. घरी लागेल तेवढी, लागेल तेव्हा करता येते. साखर आणि काकवी दोन्ही स्वतंत्रपणे डब्यात चांगल्या राहतात, मिसळल्यावरच कटकट सुरू होते. तेव्हा पाच मिनिटांचे चोळणे हे दगड झालेला पुडा फोडण्यापेक्षा कमी श्रमाचे आहे. पैशांचेही असेच. काकवी साखरेपेक्षा बरीच महाग असते. ती साखरेच्या चौपट दराने मिळाली असे धरले, तरी किलोभर साखरेत १०० ग्रॅम काकवी घातल्याने खर्च साखरेच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांनी वाढतो, आणि हाती पडते अकराशे ग्रॅम. दुप्पट-तिप्पट कुठे आणि हे कुठे.

यापेक्षा जड आक्षेप स्वच्छतेचा आहे आणि तो हलक्यात काढता येणार नाही. पुड्यावर परवाना क्रमांक असतो, तारीख असते, तपासणी झालेली असते. गुऱ्हाळ उघड्यावर, माश्या, धूळ, राख. शिवाय गूळ करताना स्वस्त साखर मिसळली जाते, ही तक्रार खुद्द ऊसपट्ट्यातच ऐकू येते. साखर मिसळलेली काकवी साखरेला चोळायची तर मग काय साधले? हे सगळे खरे आहे. म्हणून कुठलीही काकवी आणा, असे मी म्हणत नाही. बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता असलेली काकवी आता मोठ्या शहरांत आणि अनेक तालुक्यांच्या गावांतही मिळते. ती घ्यावी. बाटली उघडल्यावर फेस आला, आंबूस वास आला तर ती आंबली आहे, टाकून द्यावी. पण स्वच्छतेचा उपाय गुऱ्हाळाकडे पाठ फिरवणे हा नव्हे. तिथे झाकलेली काहील, गाळणी, चांगली बाटली यायची तर त्याचा खर्च निघेल असे गिऱ्हाईक आधी यावे लागते. चांगल्या काकवीला चांगला भाव देणारे लोक नसतील, तर चांगली काकवी करायची कोणाला गरज?

रंगाच्या मागणीने गुऱ्हाळाचे काय केले हे गुळात दिसते. गिऱ्हाइकाला पिवळा गूळ हवा, म्हणून व्यापारी पिवळ्याला जास्त भाव देतो, म्हणून काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड पडते, जिला गुऱ्हाळावर हायड्रॉस म्हणतात. तिने रंग तात्पुरता उजळतो, गूळ चांगला होत नाही. उलट असा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश पोटात जातो. अन्नसुरक्षेच्या नियमांनी गुळातल्या गंधकाच्या अवशेषांवर मर्यादा घातली आहे ती याच कारणाने. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव जपले गेले, पण त्या नावाच्या आतला पदार्थ जपायचा तर रंगाचा हट्ट सोडावा लागेल. प्रत्येक तपकिरी ढेप उत्तम असते असे मी म्हणणार नाही. ऊस खारवट जमिनीतला असेल, रस जास्त करपला असेल, मळी नीट काढली नसेल, तरी गूळ काळा होतो आणि तो खारट, कडू लागतो. म्हणून रंगावरून प्रत ठरवण्याची सवयच दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. तुकडा तोंडात टाकून पाहावा. खारटपणा नसावा, दातांखाली वाळू नसावी, उसाचा वास यावा.

रंगावरून भाव ठरवण्याचा हा खेळ नवा नाही आणि आपल्यापुरताही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पांढऱ्या साखरेचे कारखाने एकवटत होते, तेव्हा तपकिरी साखरेत सूक्ष्मजंतू असतात असे सांगून, त्यांची भिंगाखालची चित्रे छापून लोकांना तिच्यापासून दूर केले गेले. तेव्हा पांढरे म्हणजे शुद्ध आणि तपकिरी म्हणजे घाण. शंभर-सव्वाशे वर्षांत पारडे फिरले आणि आता पांढरे म्हणजे विष व तपकिरी म्हणजे औषध. वस्तू तीच आहे. दोन्ही वेळा रंगाला अर्थ चिकटवून नफा कमावला गेला आणि दोन्ही वेळा स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगितले गेले की तुझ्या डब्यातली वस्तू वाईट आहे, आमची घे. आपल्याकडेही गूळ मागे पडून साखर घरोघर आली तेव्हा पांढऱ्या चहात, पांढऱ्या श्रीखंडात प्रतिष्ठा होती. पाहुण्यांना साखरेचा चहा आणि घरच्यांना गुळाचा, ही वाटणी अनेक घरांत होती. आज गुळाचा चहा पाटी लावून विकला जातो. त्याचा मला आनंद आहे, पण तो आरोग्याचे टॉनिक म्हणून विकला जात असेल तर पुन्हा तीच चूक होते आहे.

शेवटचा आक्षेप असा की चार घरांनी केकासाठी काकवी आणली म्हणून गुऱ्हाळांचे अर्थकारण बदलणार नाही. बदलणार नाहीच. गुऱ्हाळांपुढचे प्रश्न मजुरांचे आहेत, जळणाचे आहेत, कारखान्याच्या ऊसदराशी स्पर्धेचे आहेत, आणि वाटीभर साखर चोळून त्यांतला एकही सुटत नाही. पण काकवीला आज स्वयंपाकघरात जागाच उरलेली नाही. ती आवडीने खाणारी पिढी म्हातारी झाली आणि नव्या मुलांना घावनावर चॉकलेटचा पाक हवा असतो. ज्या घरात २०२० च्या टाळेबंदीनंतर भट्टी आली, वजनकाटा आला, केकाचे साचे आले, त्या घरात काकवीला परत यायला हा एक सरळ दरवाजा आहे. गोव्यात डोदोलाचा काळपट रंग आणि त्याची चव माडाच्या गुळातून येते. तिथे त्या गोडाने माडाच्या गुळाचे गिऱ्हाईक टिकवून धरले, पांढऱ्या साखरेचा डोदोल कोणी मागत नाही. एखादा पदार्थ एखाद्या जिनसाला असा धरून ठेवू शकतो. नाताळच्या केकाला, नानकटाईला, अक्रोडाच्या कुकीला काकवीची साखर लागते असे आपल्या घरांत ठरून गेले, तर तेवढी काकवी दरवर्षी विकली जाईल.

नावाचाही विचार करावा. मराठी वर्तमानपत्रांत ‘ब्राउन शुगर’ हा शब्द अनेक वर्षे पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत येत असे, कारण ते एका जीवघेण्या अमली पदार्थाचे नाव आहे. ‘तपकिरी साखर’ हे भाषांतर कोणाच्या जिभेवर बसलेले नाही. खडीसाखर आहे, पिठीसाखर आहे, त्यांच्या शेजारी ‘काकवीची साखर’ सहज बसते. आत काय आहे ते या नावातच सांगितलेले आहे, आणि त्यापलीकडे कसलेही वचन ते देत नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. ताजी काकवी याच दिवसांत मिळते. या हंगामात किराणावाल्याकडे किंवा गुळाच्या पेठेत गेलात तर काकवीची एक बाटली मागा, तिच्यावरची तारीख आणि परवाना बघा. आणि गूळ घेताना समोरची पिवळी ढेप बाजूला ठेवून हायड्रॉस न घातलेला, तपकिरी गूळ मागा. दुकानदार म्हणेल, तो ठेवत नाही, कोणी विचारत नाही. त्याला सांगा की आम्ही विचारतो आहोत.